उडत्या गाडीचा बोलपट

त्या दुपारी आमच्या अंगणात जो गलका उठला, तो ऐकून शेजारच्या गल्लीतली माणसं आग लागली म्हणून कळश्या घेऊन धावत आली. आग कसली! वाशीमहून माझ्या भावाचं पत्र आलं होतं. घरच्या सगळ्यांच्या तब्येती सांगून झाल्यावर अगदी शेवटी त्यानं लिहिलं होतं की, आपल्या त्या मालिकेवर म्हणे पुण्यात बोलपट निघणार आहे. मी ते मोठ्यानं वाचलं. घरमालकीणबाई हातातलं सूप टाकून उभ्या राहिल्या. शिंपीणकाकू म्हणाल्या, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही, आणि दूध माझं होतं.

आधी ती मालिका काय होती ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल या बायकांना वेडबीड लागलं होतं की काय. लागलंच होतं म्हणा.

माझं माहेर वाशीमचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. वडील मास्तर, त्यामुळं घरात सगळ्यांना वाचायचा नाद. लग्न करून हिंगोलीला आले ती निजामाच्या राज्यात. इथं शाळा उर्दू, कचेरी उर्दू, आणि मराठी मासिक हाताला लागणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. आमचे हेही इथं शाळेत मास्तर, पण त्यांना वाचनाचं वेड नव्हतं, त्यांना झोपेचं होतं. माझा भाऊ दर महिन्याला एक मासिक मोटारीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवायचा. त्यात एक शास्त्रीय चमत्कारांची कथामाला येत होती. एक म्हातारा शास्त्रज्ञ, त्याची पुतणी, त्यानं घडवलेला पोलादी गडी आणि त्यांची आभाळातून फिरणारी गाडी. छापलेला शब्द होता 'व्योमयान', पण तो आमच्या अंगणात एक दिवसही टिकला नाही. ती उडती गाडीच झाली. दर अंकात ती एखाद्या नव्या ग्रहावर उतरायची, तिथं काहीतरी भलतंच व्हायचं आणि ऐन मोक्याला गोष्ट थांबायची. पुढचा महिनाभर आम्ही हात चोळत बसायचो.

अंगण घरमालकीणबाईंचं. आम्ही त्यांच्या दोन खोल्यांत भाड्यानं. त्यांच्या घरी हळद मोठी. उकडून वाळवलेली हळद दुपारी अंगणात ओतायची आणि आम्ही सात-आठ बायकांनी बसून मुळ्या काढायच्या, गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं. हळद संपली की तूर, तूर संपली की भुईमूग. मी वाचायचं आणि माझ्या वाटणीचं बाकीच्यांनी निवडायचं, असा ठराव होता. माझ्यासारख्या कामचुकार बाईला याहून काय पाहिजे!

घरमालकीणबाईंचा आवाज कचेरीतल्या जमादाराला लाजवील असा. गोष्टीतल्या माणसांनाही त्या दम द्यायच्या. "अगं ए पोरी, दार नको उघडू, बाहेर हवा न्हाई!" असं त्या शास्त्रज्ञाच्या पुतणीवर ओरडायच्या. शिंपीणकाकू समोरच्या दुकानाच्या मागं राहायच्या. त्यांचं लक्ष कायम कपड्यांवर. मंगळावर माणसं भेटली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "अंगात काय व्हतं त्यांच्या?"

आणि तिसरी, डिंकवाली. ती तांड्यावरची. बाजाराच्या दिवशी डिंक आणि मध घेऊन हिंगोलीला यायची. आरसे लावलेला लाल घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर टोपली. पहिल्यांदा आली ती डिंक विकायलाच. मी नेमकी तेव्हा गाडी चंद्रावर आदळायच्या बेताला आणली होती. ती टोपली डोक्यावर ठेवून उभीच राहिली. गोष्ट थांबली तसं तिनं विचारलं, "मंग? पडली का गाडी?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात कळेल. "पुढच्या महिन्यात! तवर ते वरच लटकून राहिले का?" ती इतकी चिडली की डिंक न विकताच निघाली. पण पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या आधी येऊन बसली. मग आम्ही वाचनाचा दिवसच बाजाराचा ठरवला. तिच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू'. मला म्हणायची, "मास्तरीणबाई, वाच तू, डिंक काय पळून चालला का?"

आता माझी लबाडी सांगते.

महायुद्ध चालू होतं. पेट्रोल मिळेना, वाशीमची मोटार बंद पडली, मासिक यायचं थांबलं. पहिल्या महिन्यात मी खरं सांगितलं, की अंक आला नाही. तर घरमालकीणबाईंचं तोंड असं पडलं की मलाच कानकोंडं झालं. डिंकवाली तर पाच कोस चालून आलेली. दुसऱ्या महिन्यात मी जुना अंक उघडून हातात धरला आणि त्यात बघत मनानंच सांगत सुटले. काय सांगणार, तेही ठरवलेलं नव्हतं. गाडी पाण्यासाठी पृथ्वीवर उतरली, म्हटलं. कुठं उतरली? डोंगरात, तांड्याजवळ. समोर डिंकवाली बसली होती, तिच्याकडं बघून तोंडातून निघून गेलं, की तांड्यावरची एक बाई शेळीला शोधत शोधत त्या गाडीत शिरली आणि दार लागलं.

अहाहा! काय तो आनंद झाला सगळ्यांना! डिंकवालीनं हातातली हळकुंडं वर फेकली. "आमच्यातली? गाडीत? शेळीसकट?"

मग मला थांबता येईना. डिंकवालीनं कधीतरी बोलताबोलता सांगितलं होतं, की तिचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचा. हजार-हजार बैल, आणि वाट ताऱ्यांवरून धरायची. मी ते उचललं. गाडीची यंत्रं बिघडली, शास्त्रज्ञानं डोक्याला हात लावला, तेव्हा तांड्यावरची बाई पुढं झाली आणि म्हणाली, सरा बाजूला, त्या ताऱ्याला डाव्या शिंगावर धरा. गाडीला शिंग कुठलं? पण अंगणात कुणी विचारलं नाही. छापील गोष्टीत ग्रहांच्या मधोमध वस्तूंना वजन राहत नाही असं होतंच, तर मी तिला शेळीची धार काढायला लावली. धार वर गेली आणि दुधाचे मणी गाडीभर तरंगत राहिले. पोलादी गडी ते मणी वाटीनं पकडत फिरत होता. हसून हसून शिंपीणकाकूंना ठसका लागला.

पाच-सहा महिन्यांनी मोटार पुन्हा सुरू झाली. अंक आले, त्यात अर्थातच तांड्यावरची बाई नव्हती. मी तिला कशी काढू? आता छापलेलं वाचायचे आणि मधेमधे तिला घालायचे. घरमालकीणबाईंनी एकदा अंकातलं चित्र बघायला मागितलं. "हिच्यात ती बाई काहून दिसत न्हाई?" मी म्हटलं, ती आत बसलीय, गाडी चालवतेय. त्यांना पटलं. दोन वर्षं मी हे चालवलं. खरं सांगते, मला पश्चात्तापबिश्चात्ताप काही नव्हता. मजा येत होती.

आणि मग ते बोलपटाचं पत्र आलं.

पुढच्याच अंकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापून आलं, की बोलपटाची बोलणी चालू आहेत. बस! दसऱ्याला हिंगोलीच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागायचा. म्हणजे येत्या दसऱ्याला नाही तर पुढच्या दसऱ्याला हा बोलपट आपल्या गावात येणार, हे आमच्यापुरतं ठरूनही गेलं. हे एक डोळा उघडून म्हणाले, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी." मी म्हटलं, तुम्ही झोपा.

काय काय बोलणं व्हायचं! चंद्र कसा दाखवणार? शिंपीणकाकू म्हणाल्या, पांढरं मांजरपाट अंथरतील, किती वार लागेल ते मी आत्ता सांगते. घरमालकीणबाई म्हणाल्या, छ्या, जिनिंगमधला कापूस पसरतील, पाय रुतला पाहिजे. पोलादी गडी घासलेटच्या डब्यांचा करतील यावर मात्र एकमत होतं. गाडी लिंबाच्या झाडाला टांगतील की पिंपळाला, यावर दोन बाजारांचे दिवस गेले. शेळीच्या धारेवर तर भांडणच जुंपलं. घरमालकीणबाई म्हणाल्या, दूध वर जातंय हे कुणाच्या बापाला दाखवता येणार नाही. शिंपीणकाकू म्हणाल्या, "फोटू काढायचं यंत्रच उलटं धरलं तर?" सगळ्या बायका त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मीसुद्धा.

डिंकवालीनं जन्मात सिनेमा बघितला नव्हता. तिला आम्ही समजावून सांगितलं, की पडद्यावर माणसं हलतात, बोलतात. ती म्हणाली, "आन् रंग?" रंग नसतो, काळंपांढरं असतं. ती हबकली. "मंग लाल घागरा कसा समजन?" शिंपीणकाकूंनी धीर दिला, आरसे चमकतील ना. तेवढ्यावर तिची समजूत पटली. पण दुसरी काळजी सुरू झाली, की ते काम कोण करणार. "पुण्याच्या बायांचे हात असे काडीवाणी. एवढ्या बांगड्या पेलतील का त्यांना? शेळी धरता येती का?"

मी सगळ्यांत मोठ्यानं हसत होते, सगळ्यांत जास्त बडबडत होते. नट कुठला, गाणी किती, शास्त्रज्ञाची दाढी खरी की खोटी. आणि एका दुपारी, बोलताबोलताच, माझ्या लक्षात आलं की पुण्यातले लोक छापलेल्या गोष्टीवर बोलपट काढणार. माझ्या नव्हे. तंबूत आम्ही सगळ्या बसणार, बोलपट सुरू होणार, संपणार, आणि ती बाई येणारच नाही. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

तो बोलपट पुढं कधीच निघाला नाही, हे आत्ताच सांगून टाकते. पण ते तेव्हा मला कुठं माहीत होतं!

चोराच्या मनात चांदणं. कुणी अंकातल्या चित्राचा विषय काढला की मी उठून पाणी प्यायला जायचे. तशातच घरमालकीणबाईंनी तो बेत काढला. त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, की बोलपटवाले गोष्टीतली अर्धी माणसं गाळून टाकतात, खर्च वाचवायला. "आपल्या बाईला गाळलं तर? आधीच कळवलेलं बरं, मागून तकलीफ नको. मास्तरीण, घे कागद. लिही, तांड्यावरची बाई आन् शेळी बराबर दाखवा, न्हाई तर हिंगोलीत तुमच्या तंबूला कुणी येणार न्हाई."

मी लिहिलं. काय करणार? सगळ्या जणी भोवती बसलेल्या. मासिकाच्या पत्त्यावर, 'बोलपटवाल्यांना द्यावे' म्हणून. खाली सगळ्यांचे अंगठे घ्यायचे ठरलं. दिव्याची काजळी तेलात कालवून बशीत आणली. हळदीनं पिवळ्या झालेल्या अंगठ्यांवर ती काळी काजळी, आणि एकेक अंगठा कागदावर उठत गेला.

डिंकवाली मागं सरकली. मला वाटलं, ती लाजतेय. पण ती म्हणाली, "आमच्या तांड्यात कागदाला अंगठा देत न्हाईत." तिच्या सासऱ्यानं एकदा दिला होता. चराईचा कागद आहे असं सांगून कुणीतरी घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा तांडा फुकट वेठीला, ओझी वाहायला. तेव्हापासून तांड्याची शपथ, की ज्याला वाचता येत नाही त्यानं कागदाला हात लावायचा नाही.

घरमालकीणबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मग, बाकीच्यांचे पुरे."

ती थोडा वेळ कागदाकडं बघत बसली. मग तिनं अंगठा बशीत बुडवला. माझ्याकडं बघून म्हणाली, "तू वाचतीस ते खोटं नसतंय, मास्तरीणबाई. तुझ्या भरवशावर देऊन राहिले." आणि दिला. इतका दाबून दिला की मागच्या बाजूला उठला.

मला रडूच यायला लागलं. बायकांना वाटलं, आनंदानं.

पत्र त्याच दिवशी जायचं, पण ह्यांनी घोळ घातला, आणि देवाची कृपा म्हणून घातला. निजामाचं तिकीट चिकटवून मी पाकीट तयार केलं, ते बघून हे म्हणाले, "हे मुलखाबाहेर जायचं नाही. इंग्रजी तिकीट लागतं. पुढच्या आठवड्यात वाशीमला जातोय, तेव्हा आणतो." आठ दिवस ते पाकीट माझ्या पिठाच्या डब्यामागं पडून होतं. भाकरी करायला बसले की ते दिसायचं. शेवटी ह्यांना सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, मग अंगठ्याचं ऐकून उठून बसले. म्हणाले, "बाकी सगळं चालून गेलं असतं बघ. हे चालणार नाही."

मधल्या बाजारी डिंकवाली आली ती नवं कापड दाखवायलाच. नवा घागरा शिवत होती, आरसे मोजून आणले होते. तांड्यावरची वीस माणसं दसऱ्याला येणार होती. "तिथं वर माझ्यावाणी बाई दिसणार, आन् मी काय खाली फाटकं घालून बसू?" शिंपीणकाकू तिला काठ कसा लावायचा ते सांगत होत्या. मी आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

हे वाशीमहून आले, तिकीट घेऊन. दुसऱ्या दिवशी बाजार. सगळ्या जमल्या, घरमालकीणबाई म्हणाल्या, "चिकटव." मी तिकीट खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. तांड्यावरची बाई छापलेली नाही. मोटार बंद होती तेव्हा मी मनानं सांगितली. शेळी पण. दुधाचे मणी पण. मी तुम्हाला फसवलं.

मग शिंपीणकाकूंनी घाबरत घाबरत विचारलं, "आन् पोलादी गडी? तो बी तुझाच?"

"नाही, तो छापलेला आहे."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

घरमालकीणबाईंचा मात्र स्फोट झाला. "आमाला येडं केलंस! सगळ्या गल्लीला मी सांगत फिरले, म्हाळसेच्या सुनेला सांगितलं, मंदिरात सांगितलं! आता तोंड कुठं दाखवू?" अशी अर्धी घटका त्यांनी मला झोडली आणि मी मान खाली घालून ऐकलं. त्यांचं बरोबरच होतं.

डिंकवालीनं हातातली हळद खाली ठेवली. ती उठली, माझ्यासमोर येऊन हात पुढं केला. "माझा अंगठा दे." मी पाकिटातून पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते चार घड्या करून चोळीत खोचलं, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. नव्या घागऱ्याला लावायच्या आरशांची पुडी अंगणातच राहिली.

पुढच्या बाजारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाजारात बघितलं, दुसऱ्याच बाया डिंक विकत होत्या. मी त्यांना विचारलं तर त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. अंगणात वाचन बंद. नवा अंक आला तोही मी फोडला नाही. घरमालकीणबाईंचा राग केव्हाच ओसरला होता. त्या म्हणायच्या, "वाच की गं, छापलेलं तर वाच." मला जमेना. त्या गोष्टीत आता कुणी ओळखीचं राहिलं नव्हतं.

तिसऱ्या बाजारी भर दुपारी ती आली. टोपली नाही, डिंक नाही. नुसतीच आली. आली ती सरळ माझ्यापुढं बसली, चोळीतून कागद काढला आणि उलगडून माझ्या मांडीवर ठेवला.

"काय लिवलंय ते वाच. सगळं वाच."

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या अंगठ्यापर्यंत.

"न्हाई म्हंजे न्हाईच ती छापलेल्यात?"

"नाही."

"मंग कुठून आणलीस?"

"तुझ्यावरून," मी म्हटलं. "तुझा आजा, ते बैल, ते तारे. सगळं तू सांगितलेलं. तुझ्याकडं बघूनच सांगायचे मी."

शिंपीणकाकू हातातलं काम सोडून जवळ आल्या. घरमालकीणबाईही आल्या.

"तांड्यावर सांगितलं मी," ती म्हणाली. "आधी लई राग आला व्हता. म्हटलं, पुन्हा कागदानं फसवलं. मंग माझा सासरा म्हणला, ताऱ्यावर वाट धरणं तर खोटं न्हाई. बैल खोटे न्हाईत. ती बाई खोटी कशी?" मग तिनं कागदावर बोट आपटलं. "त्या पुण्यावाल्यांच्या गोष्टीत ती नसंल तर त्यांची चूक हाय. त्यांना लिव, की तुमच्यात न्हाई, पण घाला. आमच्याकडं हाय ती. आमी देऊन राहिलो. अंगठे हायेत तसेच ऱ्हाऊ दे."

"लिव, लिव!" घरमालकीणबाई ओरडल्या. "आन् शेळी विसरू नको!"

एकदम सगळं अंगण बोलायला लागलं. दुधाचं लिही, यंत्र उलटं धरायचं ते लिही, मांजरपाट किती वार लागेल ते लिही. शिंपीणकाकूंनी दौत आणली. मी कागद उलटा केला, तिच्या अंगठ्याचा डाग मागूनही दिसत होता, आणि त्याच्या शेजारून लिहायला सुरुवात केली. ही बाई तुमच्या गोष्टीत नाही. ती हिंगोलीजवळच्या तांड्यात राहते. तिला ताऱ्यांवरून वाट धरता येते. कृपा करून तिला गाडीत घ्यावे. मला इतका हुरूप आला होता की अक्षरं सरळ येईनात.

मग मी टाक उचलून विचारलं, "त्या बाईचं नाव काय घालू?" गोष्टीत मी तिला नुसतं 'तांड्यावरची' म्हणत आले होते. बोलपटात असं कसं चालेल, काहीतरी नाव लागणारच.

तिनं माझ्याकडं जरा आश्चर्यानं बघितलं. "माझंच घाल की."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. टाकाची शाई कागदावर टपकली. दोन वर्षांच्या वर ही बाई माझ्यासमोर बसत होती. तिचा आजा मी घेतला होता, त्याचे बैल घेतले होते, आभाळातले तारेसुद्धा घेतले होते. मी घरमालकीणबाईंकडं बघितलं, शिंपीणकाकूंकडं बघितलं. त्यांनाही माहीत नव्हतं.

मग मी तिला तिचं नाव विचारलं.